गेममधील पात्रांवरून प्रेरित जॅकेट आणि कोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेममधील एखाद्या पात्राचा कोट मनात भरला आहे आणि तसाच आपल्या अंगावर हवा आहे, असे सांगत येणाऱ्यांसाठी मी पुण्यात जॅकेट आणि कोट बेतण्याचे व शिवण्याचे काम करते. पहिल्या भेटीत जे प्रश्न जवळजवळ सर्वजण विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. स्वतः शिवणाऱ्यांना आणि ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेणाऱ्यांनाही ती उपयोगी पडावीत, हा हेतू आहे.

पात्राची वेशभूषा आणि पात्रावरून प्रेरित जॅकेट यांत फरक काय?

वेशभूषा ही पात्र होण्यासाठी असते. मुंबईच्या कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात तुम्ही ‘असॅसिन्स क्रीड’ या गेममालिकेतला एझिओ म्हणून उभे राहता, तेव्हा पट्टा, तलवार, हातावरचे चामडी आवरण, सगळे काही तंतोतंत असावे लागते, आणि ते पाच-सहा तास अंगावर टिकले की काम झाले. जॅकेट मात्र तुम्ही तुमच्याच नावाने वावरताना घालायचे असते. ते घालून तुम्ही ऑफिसला जाता, बसमध्ये दांड्याला धरून उभे राहता, हॉटेलात जेवता, पावसात सापडता, आणि घरी आल्यावर ते खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालता.

माझी कसोटी साधी आहे. ज्याने तो गेम कधी पाहिलेलाही नाही, त्याला तो नुसता चांगला शिवलेला कोट वाटला पाहिजे. आणि ज्याने तो गेम खेळला आहे, त्याला रस्त्यात तुम्ही पाठमोरे दिसताच ओळख पटली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच कपड्यात साधायच्या तर मूळ वेशातले पुष्कळ काही सोडून द्यावे लागते, आणि काय सोडायचे हे ठरवण्यातच या कामाचे खरे कौशल्य आहे.

कोणत्या पात्राचा कोट रोजच्या वापरासाठी चांगला जमतो?

ज्याच्या मुळाशी एखादा खराखुरा, इतिहासात माणसांनी वापरलेला कपडा आहे, त्याचा.

‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मधील लिऑन केनेडीचे लोकरी कॉलरचे तपकिरी जॅकेट घ्या. २००५ साली आलेल्या या गेममध्ये ते जॅकेट सुरुवातीच्या थोड्याच भागात त्याच्या अंगावर असते, पुढे ते नाहीसे होते, आणि तरीही लिऑन म्हटले की अनेकांना तेच आठवते. त्याच्या मागे अमेरिकी वैमानिकांची जॅकेटे आहेत. उंचीवरच्या थंडीत, न तापवलेल्या कॉकपिटमध्ये तासन्‌तास बसण्यासाठी ती मेंढीच्या लोकरीसकटच्या कातड्याची शिवत. कमरेशी संपणारी लांबी, मान झाकणारी मोठी कॉलर, बसून काम करायला सोपा घेर, या सगळ्याला कारण होते. ‘वॉच डॉग्ज’ मधील एडन पिअर्सचा लांब कोट ट्रेंचकोटाच्या घराण्यातला आहे. तो पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अंगावर रुळला, आणि त्याचे कापड म्हणजे गॅबर्डीन, जे थॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये तयार केले. गॅबर्डीनची तिरकी, घट्ट वीण पावसाचे पाणी चटकन आत शिरू देत नाही. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ मधला आर्नो फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये वावरतो, म्हणून त्याच्या कोटाचे धागेदोरे अठराव्या शतकातील फ्रेंच पुरुषी कोटाकडे जातात : अरुंद खांदे, रुंद कफ, पाठीमागे चुण्या आणि गुडघ्याकडे उमलत जाणारा घेर.

मूळ कपडा सापडला की निम्मे काम होते, कारण त्याचा बेत शेकडो शिंप्यांनी आधीच तपासलेला असतो. खिसा कुठे असावा, कॉलर कशी वळावी, पाठीला चीर किती लांब द्यावी, या प्रश्नांची उत्तरे तेथे तयार असतात. तुम्हाला त्यावर पात्राच्या खुणा तेवढ्या बसवायच्या असतात. ज्या पात्राच्या अंगावर धातूचे पत्रे, तरंगणारी वस्त्रे किंवा माणसाला उचलता येणार नाहीत असे खांदे आहेत, त्याच्याकडून रंग आणि एखादी रेषा उसनी घ्यावी आणि बाकीचे गेममध्येच राहू द्यावे.

गेममध्ये दिसतो तसाच्या तसा कोट का शिवता येत नाही?

कारण गेममधला कोट कोणी अंगात चढवलेला नसतो. तो पात्राच्या शरीराच्या आकृतीवरच घडवलेला असतो. त्याला गुंड्या असतात, पण त्या काजांतून कधी निघत नाहीत; चेन असते, पण ती उघडत नाही. शिवण कित्येकदा केवळ पृष्ठभागावर रंगवलेली रेष असते, आणि ती जिथे आहे तिथे कापड जोडले तर हात वर होणार नाही. पात्राने हात उचलला की संगणक कापडाला हवे तसे ताणून देतो, आणि एखादा कोपरा शरीरातून आरपार गेला तरी खेळणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. लांब कोटाचे शेपटे धावताना सुरेख उडतात, कारण त्यांचे वजन आणि वाऱ्याचा जोर या दोन्ही गोष्टी कोणीतरी आकड्यांत ठरवून दिलेल्या असतात. खऱ्या कापडात तीच उडी हवी असेल तर घेर वाढवावा लागतो, आणि घेर वाढवला की उभे राहिल्यावर कोट परकरासारखा दिसू लागतो.

गेम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ‘डेअस एक्स : मॅनकाइंड डिव्हायडेड’ हा गेम २०१६ मध्ये आला. त्यातील अ‍ॅडम जेन्सनच्या कोटासाठी बर्लिनच्या ‘अ‍ॅक्रोनिम’ या कपड्यांच्या कंपनीचे एरोल्सन ह्यू यांची मदत घेण्यात आली होती. ‘डेव्हिल मे क्राय ५’ साठी तर पात्रांचे कपडे आधी प्रत्यक्ष शिवून, माणसांच्या अंगावर घालून, मग त्यांचे स्कॅनिंग करण्यात आले. म्हणूनच डांटेचा त्यातला झिजलेला लाल कोट पाहताना सुरकुत्या कोपरावर नेमक्या जागी पडलेल्या दिसतात. अशा गेमवरून काम करणे शिवणाऱ्याला सोपे जाते. पडद्यावरच्या शिवणींवर बऱ्याच प्रमाणात विश्वास ठेवता येतो.

पात्राची ओळख नेमकी कशात असते?

माझ्या मते, सर्वांत आधी पाठीत. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण ज्या गेममध्ये कॅमेरा पात्राच्या मागे असतो, त्यात खेळणारा तीस-चाळीस तास त्याची पाठच पाहत असतो. चेहरा मधल्या प्रसंगांत दिसतो. त्यामुळे कुशल चित्रकार सारी मेहनत पाठीवर घेतात, आणि आपणही तेथेच घ्यावी.

याचे माझे आवडते उदाहरण ‘शेनमू’ चे आहे. हा गेम १९९९ साली ड्रीमकास्ट या गेम कन्सोलवर आला. त्याची कथा १९८६ च्या योकोसुका शहरात सुरू होते, आणि नायक र्यो हाझुकी याच्या तपकिरी चामडी जॅकेटच्या पाठीवर वाघ आहे. तो वाघ तेथे उगाच आलेला नाही. योकोसुका हे जपानमधील नौदलाच्या तळाचे बंदर. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे राहणारे अमेरिकी सैनिक मायदेशी जाताना आठवण म्हणून वाघ, गरुड, ड्रॅगन भरलेली झुळझुळीत जॅकेटे विकत घेत, आणि त्यांनाच पुढे ‘सुकाजान’ हे नाव पडले. र्योचे जॅकेट चामड्याचे असले, तरी पाठीवर वाघ वागवणारा योकोसुकाचा तरुण म्हटला की हा सारा इतिहास त्याच्या पाठीशी उभा राहतो. मी हे जॅकेट शिवले तेव्हा पुढचा भाग अगदी साधा ठेवला, एकही चिन्ह लावले नाही, आणि सगळा खर्च व वेळ त्या वाघावर घातला.

भरतकामाविषयी एक सूचना येथेच देते. वीस-पंचवीस सेंटिमीटरचे दाट भरतकाम सरळ जॅकेटच्या कापडावर केले की कापड आकसते आणि चित्राभोवती चुण्या पडतात. चामड्यावर तर सुईचे प्रत्येक भोक कायमचे राहते, चुकले तर उसवून पुन्हा करता येत नाही. म्हणून चित्र वेगळ्या जाड कापडावर, मागे बॅकिंग (आधाराचे कापड) लावून, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीने भरून घ्यावे, त्याची कड बंद करावी आणि मग ते तुकड्याच्या रूपाने पाठीवर बसवावे. पाठीला अस्तर लावण्यापूर्वी हे करायचे असते. नंतर आठवले तर अर्धे जॅकेट उसवावे लागते.

पाठीनंतर क्रम लागतो तो बाह्यरेषेचा, म्हणजे काळ्या सावलीतही ओळखू येणाऱ्या आकाराचा, आणि त्यानंतर रंगाचा. बारीकसारीक पट्टे, बकल, खिळे हे सर्वांत शेवटी.

रंग ठरवण्यासाठी कोणते चित्र प्रमाण मानावे?

एकच चित्र प्रमाण मानू नये. पात्राचा कोट दुपारच्या उन्हात, दिव्याखाली आणि ढगाळ हवेत, अशा तीन ठिकाणी पाहावा आणि तिन्हींच्या मधला रंग निवडावा. जाहिरातीच्या चित्रांतले रंग बहुधा जास्त भडक असतात. डांटेचा लाल पडद्यावर शोभतो, पण त्याच लालात गुडघ्याखालपर्यंतचा कोट शिवला तर लग्नाच्या बँडपथकाची आठवण होते. मी तेथे डाळिंबाच्या सालीकडे झुकणारा, थोडा मातकट लाल वापरते. कापडाचा तुकडा दुकानाच्या दिव्याखाली न ठरवता उंबऱ्याबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा.

आपल्या हवेत कोट घालणे शक्य तरी आहे का?

आहे, पण कापड आपल्या हवेचे निवडले तर. बहुतेक पात्रे थंड प्रदेशांत वावरतात. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत लोकरीच्या अस्तराचे जॅकेट दहा मिनिटेही अंगावर ठेवता येणार नाही. अशा वेळी आकार पात्राचा आणि कापड आपले, असा मार्ग काढावा लागतो. चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅम वजनाचे सुती ट्विल (तिरक्या विणीचे कापड) हे माझे पहिले पसंतीचे कापड आहे. ते कोटाचा आकार धरून ठेवते, त्याला कडा चांगल्या येतात आणि घामही शोषला जातो.

अस्तराकडे दुर्लक्ष होते, आणि तेच सर्वांत जास्त त्रास देते. स्वस्त पॉलिस्टर अस्तर पाठीला चिकटते. पूर्ण अस्तर न लावता फक्त खांदे, पाठीचा वरचा भाग आणि बाह्या यांनाच व्हिस्कोसचे अस्तर लावावे आणि उरलेल्या शिवणी पायपिंग करून (कडेला बारीक पट्टी शिवून) बंद कराव्यात. काम वाढते, पण कोट उघडला की आतूनही तो देखणा दिसतो. लिऑनच्या जॅकेटची लोकरी कॉलर चेनने किंवा बटणांनी काढता येईल अशी करावी. महाबळेश्वरला जाताना लावावी, परतताना काढावी. ज्यांना टोरांटो किंवा लंडनला कोट पाठवायचा असतो त्यांच्यासाठी अर्थातच उलटा विचार करावा लागतो : जाड लोकरीचे कापड, आत स्वेटर मावेल एवढी ढिलाई, आणि पूर्ण अस्तर.

सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावेच. न भिजवता शिवलेला कोट पहिल्या धुण्यानंतर मनगटाच्या वर सरकतो आणि मग त्यावर उपाय राहत नाही.

खरे चामडे वापरावे की रेक्झीन?

परवडत असेल आणि मनाला पटत असेल तर खरे चामडे. जॅकेटसाठी साधारण एक मिलिमीटर जाडीचे चामडे योग्य असते. मेंढीचे अधिक मऊ, शेळीचे अधिक चिवट. कमरेपर्यंतच्या जॅकेटला, खराब भाग वगळून, चाळीस ते पंचेचाळीस चौरस फूट चामडे लागते, कारण प्रत्येक कातड्याचा आकार वेगळा असतो आणि पोटाकडचा सैल भाग पाठीला वापरता येत नाही. मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात रंगांचे नमुने हातात घेऊन निवड करता येते.

कृत्रिम चामड्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कृत्रिम चामड्यांवर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो थर हळूहळू विघटित होतो. म्हणून कपाटात न वापरता ठेवलेले जॅकेटही दोन-तीन पावसाळ्यांनंतर कॉलरपाशी पापुद्रे सोडू लागते. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका व्यापाऱ्याकडून आणलेल्या अशाच मालाचे जॅकेट एका विद्यार्थ्याला शिवून दिले होते. त्याने ते जपून वापरले आणि तरीही दुसऱ्या वर्षी घडीवरचा काळा थर त्याच्या शर्टाला लागू लागला. मी ते त्याला जाड सुती कापडात पुन्हा शिवून दिले आणि तेव्हापासून ज्यांना चामडे नको आहे त्यांना मी मेण लावलेले कॅनव्हास किंवा घट्ट विणीचे सुती कापड सुचवते. ते चामड्याचे सोंग आणत नाही, आणि जुने होताना आणखी चांगले दिसते.

‘असॅसिन्स क्रीड’ मधील टोपी (हूड) कोटाला कशी बसवावी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सर्वाधिक चुकणारी गोष्टही हीच. २००७ साली आलेल्या पहिल्या गेमपासून या मालिकेतल्या टोपीला कपाळावर गरुडाच्या चोचीसारखे टोक आहे. २००९ च्या दुसऱ्या गेममधील एझिओमुळे ती घराघरात पोहोचली. साध्या टोपीला पुढे टोक काढले की ते लटकते आणि डोळ्यांवर येते. माझ्या पहिल्या नमुन्याचे असेच झाले होते.

टोपी दोन तुकड्यांची न करता तीन तुकड्यांची करावी. डावी आणि उजवी अशा दोन पाकळ्या, आणि मधून मानेपासून कपाळापर्यंत येणारी एक पट्टी. ही पट्टी मागे चार बोटे रुंद ठेवून टाळूवर थोडी अरुंद करावी आणि कपाळाकडे पुन्हा रुंद करत नेऊन टोकाला मिटवावी. टोकाच्या आतून बकरम (ताठ करणारे कापड) लावण्याचा मोह होतो, पण पहिल्याच धुण्यात ते मऊ पडते; त्याऐवजी इस्त्रीने चिकटणारे फ्युझिंगचे दोन थर लावून वर एकमेकींना समांतर तीन टिपा माराव्यात. आता महत्त्वाची बाब. टोपीची खोली मोजताना मान सरळ ठेवून मोजू नये. फीत एका खांद्याच्या शिवणीपासून डोक्यावरून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत न्यावी, मान पूर्ण खाली घालावी, तेवढी फीत सैल सोडावी आणि मग आकडा लिहावा. असे केले नाही तर खाली पाहताना टोपी मागे ओढली जाते आणि गळ्याशी काचते.

आपल्याकडे लहान मुलांची कुंची आणि पावसात शेतकरी डोक्यावरून घेतात ती घोंगडीची खोळ, या दोन्हींत टोकाची हीच युक्ती आहे : पाणी टोकावरून पुढे गळते, चेहऱ्यावर येत नाही. खोळ घेतलेला माणूस जवळून पाहिला तर चोचीचा कोन कळतो.

दुचाकी चालवणाऱ्यांनी टोपी काढता येईल अशीच करून घ्यावी. हेल्मेटखाली ती मावत नाही आणि मागे उघडी राहिली तर वाऱ्याने फुगून गळ्याला ओढ देते.

मापे घेताना आणि बेतताना काय सांभाळावे?

आधी मांजरपाटाचा (साध्या कोऱ्या सुती कापडाचा) कोट, मग खऱ्या कापडाचा. हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. मांजरपाट स्वस्त असते, त्यावर पेनाने खुणा करता येतात, आणि चूक तेथेच सापडते. मांजरपाटाच्या ट्रायलला मी प्रत्येकाला समोरच्या टेबलाच्या कडेला गाडीचे हँडल धरल्यासारखे हात लावून बसायला सांगते, मग वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगते. डबा काढताना अख्खा कोट वर उचलला गेला, तर मुंढा (बाही जोडण्याची गोलाई) फार खाली आहे.

नवख्या माणसाला वाटते की मुंढा मोठा ठेवला म्हणजे हात मोकळा होईल. होते उलटे. मुंढा जितका काखेजवळ, तितका हात स्वतंत्र हलतो. मुंढा खाली उतरला की बाही आणि अंग एकमेकांना बांधले जातात. गेममधले कोट अंगाला चापून बसलेले दिसतात, म्हणून येथे फार काळजी घ्यावी लागते. छातीच्या मापावर जॅकेटला चार-पाच इंच आणि आत जाड कपडा घालायचा असेल अशा कोटाला सहा ते आठ इंच ढिलाई ठेवावी. पाठीला खांद्यापाशी एक चुणी द्यावी. आणि तरीही ओढ राहिली तर आपल्या जुन्या अंगरख्याची युक्ती वापरावी : काखेत एक चौकोनी कळी (जोडतुकडा). कळी घातलेला अंगरखा लढणाऱ्या माणसाच्या हाताला अडवत नसे. पडद्यावरच्या लढवय्याच्या कोटात ती बसवताना मला नेहमी समाधान वाटते.

पात्राचे खांदे गेममध्ये रुंद केलेले असतात. ते पॅड घालून गाठू नयेत. तीरा (दोन खांद्यांमधली रुंदी) स्वतःच्या मापाचाच ठेवून बाहीच्या माथ्याला किंचित उभारी दिली की पुरते.

‘द विचर’ मधील गेराल्टचा जाड, टाके घातलेला कोट जमेल का?

जमेल, आणि आपल्याकडे त्याचे कौशल्य घरोघरी आहे. मध्ययुगीन युरोपात चिलखताखाली किंवा चिलखताऐवजी थर भरून, टाके घालून शिवलेला कोट घालत, त्याला गॅम्बेसन म्हणतात. पोलंडच्या स्टुडिओने घडवलेल्या, २०१५ साली आलेल्या तिसऱ्या ‘विचर’ गेममध्ये गेराल्टच्या चिलखताला त्याच कपड्याचे वळण आहे. त्याचे तत्त्व गोधडीचे आहे. वरचे कापड, आतले थर, खालचे कापड, आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा.

पहिला असा कोट शिवताना मी माझ्या आत्याकडून दोन उभ्या ओळी घालून घेतल्या, कारण गोधडीचा टाका तिच्या हातून सारख्या अंतराने पडतो. आम्ही आतला थर पॉलिस्टरच्या वॅडिंगऐवजी जुन्या धुतलेल्या सुती साडीचा दुपदरी घेतला. कोट हलका झाला, हवा खेळती राहिली, आणि टाक्यांच्या मध्ये ते मऊ फुगवटेही उमटले. एक पथ्य पाळावे : थर एकत्र शिवून झाल्यावरच तुकडे बेतावेत, कारण टाके घातले की कापड लांबी-रुंदीत आकसते.

स्त्रियांसाठी वेगळा बेत लागतो का?

होय. पुरुष पात्राचा कोट स्त्रीने घालायचा असेल तर मापे लहान करून भागत नाही. छातीला लागणारी जागा उभ्या शिवणीत मुरवावी लागते. खांद्यापासून खालपर्यंत जाणारी शिवण घेतली की टक्स (आकारासाठी घेतलेल्या चुण्या) दिसत नाहीत आणि लांब कोटाची रेषा अखंड राहते. ‘असॅसिन्स क्रीड सिंडिकेट’ मधील एव्ही फ्राय हिचा व्हिक्टोरियन काळातला लांब कोट यासाठी उत्तम आदर्श आहे. आणि खिसे खरे ठेवावेत, पूर्ण हात जाईल एवढे. माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी पहिल्या पाच मिनिटांत खिशांबद्दल विचारते, आणि तिचे अगदी योग्य आहे.

‘सायबरपंक २०७७’ सारखी उजळणारी कॉलर करता येते का?

येते. कॉलरच्या आत पारदर्शक नळीत बारीक एलईडीची पट्टी बसवून ती खिशातल्या लहान पॉवर बँकेवर चालवता येते. पट्टी आणि वायर दोन्ही कपडे धुण्यापूर्वी बाहेर काढता आल्या पाहिजेत, आणि वायरसाठी अस्तराच्या आत स्वतंत्र कापडी बोगदा शिवला पाहिजे. दिवा बंद असतानाही कॉलर चांगली दिसते ना, हे आधी पाहावे. बहुतेक वेळ तो बंदच असणार आहे.

कापड, वेळ आणि खर्च किती लागतो?

अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड धरले तर कमरेपर्यंतच्या जॅकेटला सव्वादोन मीटर, गुडघ्यापर्यंतच्या कोटाला साडेतीन मीटर आणि घेरदार कोटाला चार मीटरहून अधिक लागते. अस्तर, फ्युझिंग, चेन आणि बटणे यांचा खर्च लोक विसरतात. पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वर भागात ही सामग्री मिळते. लांब कोटाला पाच नंबरची चेन न लावता आठ नंबरची लावावी, कारण खाली वाकताना तिच्यावर ताण येतो. साधे जॅकेट मला चार दिवसांत होते, ट्रायल धरून लांब कोटाला दहा.

कंपन्यांच्या अधिकृत कोटांच्या किमती पाहिल्या तर शिवून घेणे महाग वाटणार नाही. २०१२ साली जपानमध्ये सहाव्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ ची लिऑनच्या चामडी जॅकेटसह विक्रीस ठेवलेली आवृत्ती १,०५,००० येनांना होती. ‘डेव्हिल मे क्राय ५’ च्या वेळी डांटेच्या कोटासह असलेल्या आवृत्तीची किंमत ९,००,००० येन, त्याच गेममधील निरोच्या कोटासह ७,५०,००० येन आणि व्ही या पात्राच्या कोटासह ६,००,००० येन ठेवली होती.

असे कोट शिवून विकता येतात का?

स्वतःसाठी एक कोट शिवणे आणि तो विकण्याचा व्यवसाय करणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. गेमचे नाव, बोधचिन्ह किंवा पात्राचे नाव हे व्यापारचिन्ह असू शकते आणि कपड्यांसाठी त्याची नोंद पंचविसाव्या वर्गात होते. ‘सायबरपंक’ मधील सामुराई बँडचे चिन्ह पाठीवर भरून जॅकेट विकायचे असेल तर परवाना लागेल. चित्रे आणि चिन्हे यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. कपड्याच्या आकाराचे तसे नाही : त्या कायद्याच्या कलम १५ नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही अशा रचनेचा कॉपीराइट, तिच्यावरून मालकाने किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तू तयार झाल्या की संपतो. नोंदवलेल्या डिझाइनला २००० च्या डिझाइन कायद्यानुसार दहा वर्षे आणि पुढे वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते.

मी स्वतः चिन्ह वापरत नाही, पात्राचे नाव किंमतपट्टीवर लिहीत नाही, आणि कोटाची रेषा, रंग व शिवण यांतूनच ओळख साधते. दुकान काढण्याचा विचार असेल तर बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

भारतीय पात्रांवरून असे काही करता येईल का?

नक्कीच, आणि ते व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा गेम आणला. ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ मधील अरबाज मीर १८४१ च्या शीख साम्राज्यात वावरतो. अशा पात्रांसाठी युरोपीय कोटाचा साचा घेण्याची गरज नाही. आपल्याकडे बाराबंदी आहे : एकावर एक येणारे दोन पल्ले आणि गुंड्यांऐवजी बंद. जाड खादीत, नितंबापर्यंतच्या लांबीत, बंदांच्या जागी चामड्याच्या बारीक पट्ट्या लावून मी ती जॅकेटसारखी शिवली आहे. बंद सैल-घट्ट करता येत असल्याने वजन थोडे कमी-जास्त झाले तरी ती अंगाला बसते, आणि चेन खराब होण्याचा प्रश्नच उरत नाही.

पावसाळ्यात कोटाची निगा कशी राखावी?

चामड्याचा कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आत ओलावा कोंडतो आणि आठवड्याभरात पांढरी बुरशी येते. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, जुन्या सुती चादरीच्या खोळीत टांगावा आणि दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली तासभर मोकळा ठेवावा. बुरशी दिसलीच तर कोरड्या मऊ कापडाने घराबाहेर झटकावी, उन्हात मात्र वाळवू नये, चामडे ताठरते. सुती कोट उलटा करून गार पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, आणि आडवा पसरून वाळवावा. भरतकामावर इस्त्री मागच्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून फिरवावी. टोपीच्या चोचीत वाळताना जुने वर्तमानपत्र चुरगाळून भरावे आणि ते ओले झाले की बदलावे.